माळावर लावलेली झाडं आणि त्यांच्याखालचं गवत : पश्चिम महाराष्ट्रातलं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या, नांगर न लागलेल्या माळावर एक चौरस मीटरची चौकट ठेवायची आणि आतली गवतं, त्यांच्यातली लहानसहान रोपं मोजायची. सरासरी १२ देशी जाती निघतात. झाडं लावलेल्या माळावर ८ निघतात, शेती करून पडीक टाकलेल्या रानात ६ आणि चालू शेतात ३.

हे आकडे आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातले आहेत. तो २०२४ साली ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’मध्ये छापून आला. जुने माळ, वृक्षलागवड, चालू शेती आणि पडीक शेती अशा चार प्रकारच्या प्रत्येकी १५, म्हणजे एकूण ६० जागा त्यांनी तपासल्या. या जागांवरचा वार्षिक पाऊस सरासरी ४५७ मिलिमीटरपासून १,९५४ मिलिमीटरपर्यंत होता. थोडक्यात, ज्वारी कशीबशी पिकते अशा अवर्षणपट्ट्यापासून सह्याद्रीच्या कुशीत भात होतो तिथपर्यंतचा पट्टा यात आला. पाऊस चौपट वाढला तरी निष्कर्षाची दिशा बदलली नाही, आणि मला या अभ्यासात सगळ्यात वजनदार वाटते ती हीच गोष्ट. ‘आमच्याकडे पाऊस बरा आहे, आमच्याकडे झाडं मानवतील’ हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकत नाही. झाडं मानवतीलही. प्रश्न त्यांच्याखाली काय उरतं याचा आहे.

आपल्याकडे वृक्षलागवडीवर वाद भरपूर झाले. रोपं जगली किती, पैसे गेले कुठे, परदेशी झाडं का लावली, फोटो काढून मंडळी निघून गेली का. खड्डा खणण्याआधी त्या जागेवर काय होतं, हे मात्र क्वचितच विचारलं गेलं. या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे

शाळेपासून आपल्या डोक्यात एक चित्र बसलेलं आहे. पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होतं, माणसाने कुऱ्हाड चालवली, गुरं घातली, आणि उरला तो उघडा माळ. कोकणात किंवा घाटमाथ्यावर काही ठिकाणी हे खरंही आहे. पण शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, माण, सांगोला या पट्ट्यातल्या माळांना ते चित्र लावलं की घोटाळा होतो.

भारतीय उपखंडात ऊन आणि उष्णता सोसणारी गवतं साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली, असं शिवालिकच्या गाळातल्या पुराव्यांवरून दिसतं. माणूस फार उशिरा आला. इथला माळ म्हणजे गवताचा सलग गालिचा आणि त्यावर विरळ विखुरलेली, बहुतेक काटेरी झाडं : हिवर, बोर, खैर, हेकळ, तरटी, नेपती, मेढशिंगी. पर्यावरणशास्त्रात याला सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतला सॅव्हाना टीव्हीवर पाहून आपण हरखतो, आणि सुप्याच्या माळाला ओसाड म्हणतो.

या जुनेपणाचा एक पुरावा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली एक वेगळाच अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राशी संबंधित जुनं मराठी वाङ्मय, चरित्रं, लोककथा, ओव्या चाळून त्यांनी त्यातल्या रानवनस्पतींची यादी केली. ४४ वनस्पती निघाल्या, आणि त्यातल्या ६० टक्क्यांहून जास्त माळाच्या, भरपूर उन्हाच्या जागेच्या होत्या. पंढरपूरच्या देवळातली संत कान्होपात्रेची तरटी सगळ्यांना ठाऊक आहे. कान्होपात्रेने देह ठेवला तिथे तरटीचं झाड उगवलं अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढं कळतं की कथा घडवणाऱ्यांच्या भोवती तरटी होती, आणि तरटी हे दाट, सावलीच्या रानातलं झाड नाही. इंग्रजी अमल येण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख मोकळा, गवताळ होता असं मानायला हा भक्कम आधार आहे.

गवत म्हणजे एकच काहीतरी हिरवं, हाही एक गैरसमज. पवन्या वेगळं, मारवेल वेगळं, डोंगरी वेगळं, कुसळी वेगळी. ही बहुवर्षायू गवतं ठोंब करून राहतात. वरचा भाग वाळतो, जनावर खातं, वणव्यात जळतोही, पण जमिनीतला जीव टिकतो आणि पहिल्या दोन-तीन पावसांत पुन्हा फुटतो. ठोंबांच्या मधल्या जागेत कंदवर्गीय वनस्पती असतात : मुसळी, रानकांदा, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी (ऑर्किड), आणि कंदीलपुष्पं, ज्यांना गावाकडे खर्चुडी म्हणतात. खर्चुडीचे कंद उकरून खाल्लेले गुराखी अजून भेटतात.

द्वीपकल्पीय भारतातल्या सॅव्हानांमध्ये २०६ प्रदेशनिष्ठ वनस्पती आहेत, असं २०२२ सालच्या एका संकलनात दिसलं. प्रदेशनिष्ठ म्हणजे जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या. त्यातल्या ४३ टक्के वनस्पतींचं शास्त्रीय वर्णन मागच्या फक्त दोन दशकांतलं आहे. शोध थांबलेला नाही. २०२३ साली विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव दिलं गेलं. ज्या प्रकारच्या जागेला सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणतात, तिथे अजून नाव नसलेल्या वनस्पती उभ्या असू शकतात. त्यांच्या शेजारी खड्डा खणणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. त्याला ते सांगणं ज्यांचं काम, त्यांनाही बहुधा नसतं.

झाडं माळावर आली कशी

महसुलाच्या भाषेत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पड. इंग्रजी अमलातली ही नजर स्वातंत्र्यानंतरही बदलली नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली असावा असं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्राचं वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या साधारण साडेसोळा टक्के. म्हणजे कायमचा तुटवडा. तो भरायचा कुठे? बागायत कुणी देणार नाही, शहर मागे सरकणार नाही. उरले माळ, गायरानं आणि कुरणं.

मोजणीची पद्धतही त्याच बाजूला ढकलते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रावरून एक हेक्टरपेक्षा मोठ्या आणि १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलेल्या जागेला वनाच्छादन धरतं. झाड कुठलं, मालकी कुणाची, खाली काय आहे, याचा हिशेब त्यात नसतो. त्यामुळे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचा एकसुरी पट्टा हा वन ठरतो, आणि शेकडो वनस्पतींचा माळ कुठल्याच चांगल्या रकान्यात बसत नाही. झाडं लावली की आकडा वाढतो. माळ राखला तर आकडा तिथेच राहतो. कुठल्या अधिकाऱ्याने काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांत बांधबंदिस्तीबरोबर वनीकरणही आलं. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. त्या काळात निलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया ही नावं घरोघरी पोचली. ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प किंवा उंदीरमारी, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. खात्याच्या दृष्टीने ते सोन्यासारखं झाड होतं : काडी लावली तरी फुटतं, मुरमाड जमिनीत तग धरतं, हवेतला नत्र जमिनीत आणतं, आणि जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. कुंपण नाही, पाणी नाही, तरी झाड जगलेलं दिसतं. पुण्याच्या टेकड्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जो गुलाबी बहर दिसतो तो याचाच. फिरायला येणाऱ्यांना तो आवडतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलेलं ग्लिरिसिडिया आजही उपयोगाचंच झाड आहे. ते माळावर का चढवलं, एवढाच प्रश्न आहे.

मग मोठ्या मोहिमा आल्या. राज्यात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही नेमली गेली. तिथलाही मुद्दा तोच : किती लावली, किती जगली, खर्च किती. रोप मेलं तर भ्रष्टाचार आणि जगलं तर यश, अशी विभागणी झाली. एखाद्या जुन्या माळापुरतं बोलायचं तर मेलेल्या रोपाने कमी नुकसान केलं असण्याचीही शक्यता आहे, पण हे सभागृहात कोण बोलणार?

आकड्यांकडे नीट बघितलं तर

१२ वरून ८. एका नजरेत हा आकडा फार भीतीदायक वाटत नाही. दोन तृतीयांश जाती तर आहेत! लागवडीच्या बाजूने बोलणाऱ्याने हाच आकडा पुढे करावा, मी त्याच्या जागी असतो तर केला असता.

पण जातींची संख्या ही विविधतेची सगळ्यात भाबडी मोजणी आहे. १२ मध्ये कोण होतं आणि ८ मध्ये कोण आहे, हे पाहिल्याशिवाय ती काही सांगत नाही. याच अभ्यासातले पुढचे आकडे त्यासाठी वाचावे लागतात. जुन्या माळावर देशी वनस्पतींनी झाकलेली जमीन सरासरी ४९ टक्के होती. लागवडीखाली ती २७ टक्क्यांवर आली. पडीक शेतातही २७. चालू शेतात ४. आक्रमक परदेशी वनस्पतींनी लागवडीखालची १८ टक्के जमीन व्यापली होती, पडीक शेतातही तेवढीच. म्हणजे या मापाने, झाडं लावून राखलेला माळ आणि नांगरून सोडून दिलेलं रान जवळपास सारखंच दिसतं. ज्या जागेवर ‘वनीकरण क्षेत्र’ असा फलक आहे, तिथली ही अवस्था.

त्याहून बोलका आकडा बहुवर्षायू देशी गवतांचा. माळाचा कणा तीच. जुन्या माळावर त्यांचं आच्छादन २७ टक्के, लागवडीखाली ९, पडीक रानात ७ आणि शेतात ०.१. जातींची संख्या एक तृतीयांशाने घटली, पण माळाला माळपण देणारं गवत दोन तृतीयांशाने गेलं.

आणि ६५ जाती अशा निघाल्या, ज्या फक्त जुन्या माळांवर नोंदल्या गेल्या. बाकीच्या तिन्ही प्रकारच्या जागांवर त्या एकदाही दिसल्या नाहीत. जुन्या माळाची ओळख ठरतील अशा जाती २१ होत्या, आणि त्यातल्या बहुतेक माळाशिवाय दुसरीकडे न रमणाऱ्या देशी वनस्पती. वृक्षलागवडीची ओळख ठरतील अशा जाती ९, त्यात देशी आणि आक्रमक दोन्ही.

चौकटीत ८ जाती भरतात त्या अशा. कुठेही उगवणाऱ्या, रस्त्याकडेला, उकिरड्यावर, बांधावर तितक्याच सुखाने राहणाऱ्या जाती टिकतात किंवा नव्याने येतात. ज्यांना माळच हवा, त्या जातात. दहा माळांवर दहा ठिकाणी लागवड केली की दहाही ठिकाणी साधारण तीच मंडळी दिसायला लागतात. जिल्ह्याच्या पातळीवरचा हा तोटा एका चौकटीतल्या मोजणीत दिसत नाही.

एक शंका इथे रास्त आहे. हा अभ्यास आजच्या जागांची आपसात तुलना करतो, एकाच जागेचा लागवडीआधीचा आणि नंतरचा इतिहास नव्हे. लागवडीसाठी निवडलेले माळ आधीच बिघडलेले असतील, अतिचराईने गवत गेलेलं असेल, तर सगळा दोष झाडांच्या माथी मारणं बरोबर नाही. अशा तुलनेत ही फट नेहमीच असते. पण पावसाच्या इतक्या मोठ्या फरकात सगळीकडे एकाच दिशेने घट दिसणं, आणि ती घट सावलीला न सोसणाऱ्या गवतांमध्ये सगळ्यात जास्त असणं, यामुळे माझं वजन झाडांच्या परिणामाकडे झुकतं.

सावली, खड्डा आणि चराईबंदी

माळावरची बहुतेक गवतं ज्या पद्धतीने प्रकाशापासून अन्न बनवतात, ती कडक उन्हात आणि उष्णतेत फायद्याची असते. सी-४ म्हणतात ती. सावलीत हा फायदा संपतो. रोपं लहान असताना काही जाणवत नाही, उलट पहिली दोन-तीन वर्षं राखण असल्यामुळे गवत जोरात येतं आणि सगळे खूश असतात. फांद्या एकमेकींना भिडल्या की खालच्या ठोंबांचा विस्तार आटतो. ठोंब एका हंगामात मरत नाही. दरवर्षी थोडा थोडा बारीक होत जातो. त्यामुळे नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

सावलीआधी खड्डा येतो. आता यंत्राने सलग समतल चर मारतात, माती उलथून बांध घालतात. पाणी अडतं, हे खरं. पण कंदवर्गीय वनस्पतींसाठी हा नांगरच आहे. कंद बाहेर पडतात, उन्हात सुकतात, आणि उघड्या पडलेल्या ताज्या मातीवर पहिला ताबा घेतात ती गाजरगवत, रानतुळस, घाणेरी, एकदांडी यांच्यासारखी मंडळी. नत्र देणाऱ्या झाडांचा पाला पडत राहिला की माती सुपीक होते. शेतकऱ्याला हे वरदान वाटेल. माळाच्या वनस्पती मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलक्या, उपाशी जमिनीत जगायला सरावलेल्या आहेत. जमीन सुधारली की त्यांची चलती संपते आणि खादाड तणांची सुरू होते.

चराईबंदीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ती सगळ्यांना निर्विवाद चांगली वाटते. लागवड म्हटली की चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ठरलेली. अतिचराईने माळ उजाड होतो हे कुणी नाकारत नाही. पण चराई पूर्ण थांबली की वाळलेलं गवत वर्षानुवर्षं साठत जातं, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि कधीतरी वणवा लागला की तो नेहमीपेक्षा भयंकर असतो. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर एका जागी ठाण मांडत नाहीत. त्यांच्या फिरस्तीने माळाला चरणंही मिळतं आणि विश्रांतीही. लागवडीने त्यांची वाट तुटते, आणि उरलेल्या लहान तुकड्यांवर सगळ्यांची जनावरं येऊन पडतात. मग तो तुकडा उजाड होतो. मग तो ‘पडीक’ ठरतो. मग तिथे झाडं लावायचा प्रस्ताव येतो.

‘देशी झाडं लावू’ हा उतारा आहे का?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात चांगली जाग आली आहे. ग्लिरिसिडिया नको, निलगिरी नको, वड-पिंपळ-कडुनिंब-करंज लावा, असं आता गावागावांतले तरुण सांगतात. त्यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवूनच सांगावं लागतं की माळाच्या बाबतीत हा उतारा अर्धवट आहे. वडाची सावली ग्लिरिसिडियाच्या सावलीपेक्षा विरळ नसते. गवताला झाडाचं मूळ गाव माहीत नसतं, त्याला प्रकाश किती पोचतो एवढंच कळतं. काही चौरस मीटरमध्ये दाटीने देशी रोपं कोंबून केलेली घनवनं शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर छान दिसतात. तीच माळावर केली तर माळाच्या दृष्टीने तो ग्लिरिसिडियाइतकाच परका प्रकार आहे. पक्षी येतील, फुलपाखरं येतील, यादी लांब होईल. पण धाविक आणि चंडोल हे माळावरचे पक्षी जातील, आणि खर्चुडी जाईल.

जगभरातल्या अभ्यासांचं संकलन काय सांगतं? लेआ ब्रेमर आणि कॅथलीन फार्ली यांनी २०१० साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. उत्तर ‘लागवड चांगली’ किंवा ‘लागवड वाईट’ असं नव्हतं. लागवड कशाच्या जागी झाली यावर सगळं अवलंबून होतं. नैसर्गिक गवताळ प्रदेश, झुडपी रान किंवा मूळ जंगल मोडून झाडं लावली तर वनस्पतींच्या जाती घटतात. आधीच बिघडलेल्या, परदेशी गवताच्या कुरणावर लावली, त्यातही देशी झाडं लावली, तर जाती वाढू शकतात. झाडाचं देशीपण म्हणूनच दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जागेचा.

तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांत हेच मोठ्या उंचीवर घडलं. तिथे शोलाची, म्हणजे घळींमधल्या दाट, बुटक्या झाडांची छोटी जंगलं आणि भोवती विस्तीर्ण गवताळ उतार. वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), निलगिरी, पाइन यांची लागवड आणि शेती यांनी १९७३ ते २०१४ या काळात तिथलं दोन तृतीयांश गवताळ क्षेत्र खाल्लं. गंमत अशी की जुन्या झालेल्या काही लागवडींखाली शोलातल्या देशी झाडांची रोपं आपणहून वर येताना दिसतात. परदेशी झाडांच्या आडोशाने देशी जंगल परततंय, असा काहींना त्यात आनंद वाटतो. पण त्या जागी जंगल नव्हतं, गवत होतं. देशी झाडं आली तरी गवताचं नुकसान भरून येत नाही. माझ्या मते देशी-परदेशी हा वाद माळाला का पुरत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

झाडं काढून टाकली तर?

तर्काने पुढचं पाऊल हेच. ते वाटतं तितकं सोपं नाही. ग्लिरिसिडिया तोडलं की बुंध्यातून दुप्पट फुटतं. मुळासकट काढलं तर जमीन पुन्हा उलथली जाते आणि गाजरगवताला नवी पर्वणी मिळते. शहरांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायद्याहून मोठी अडचण म्हणजे लोकांच्या भावना. टेकडीवर झाडं तोडायला माणसं आली, एवढी बातमी पुरे. तोडणारा टेकडी विकायलाच आला असेल, असा संशय आपल्याकडे येतो आणि तो दर वेळी निराधार नसतो.

झाडं निघाली तरी माळ परत येईल का, हा प्रश्न उरतोच. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातल्या जुन्या आणि मोडून पुन्हा उगवलेल्या गवताळ प्रदेशांची तुलना केली आणि २०२० साली ती प्रसिद्ध झाली. मोडलेल्या गवताळ प्रदेशाला मूळची जातिसंपन्नता परत मिळवायला किमान १०० वर्षं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून फार जास्त. त्यांचा सरासरी अंदाज १,४०० वर्षांचा आहे. जंगल तोडलं तर पन्नास वर्षांत निदान जंगलासारखं काहीतरी दिसतं, म्हणून आपण गवताबद्दलही तसंच गृहीत धरतो. कंदवर्गीय आणि ठोंब करणाऱ्या वनस्पती हळू पसरतात, त्यांच्या बिया दूर जात नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या पडीक शेतांनी चौकटीत १२ पैकी ६ जातीच दाखवल्या, त्याचा अर्थ हाच.

म्हणून क्रम लावायचा झाला तर मी असा लावेन. जे जुने माळ अजून शाबूत आहेत ते आधी लागवडीच्या यादीतून काढावेत. विरळ लागवड झालेल्या, खाली गवत जिवंत असलेल्या जागांवर टप्प्याटप्प्याने झाडं कमी करावीत, चराई पुन्हा सुरू करावी. जिथे छत्र मिटलं आहे आणि खाली फक्त पाला आणि घाणेरी आहे, तिथे घाई करू नये. तिथे खर्च जास्त आणि हाती लागणार थोडं. हा क्रम कटू आहे, कारण सर्वांत जास्त बिघडलेल्या जागा त्यात सर्वांत शेवटी येतात.

पुढचा खड्डा

धोरणाचा वारा मात्र अजून उलटाच वाहतो आहे. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याने धरणं, खाणी, रस्ते यांच्यासाठी गेलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडं लावायला मोठा निधी उभा राहिला, आणि त्या झाडांना जागा लागते. २०२३ साली केंद्राने ग्रीन क्रेडिट योजना आणली, ज्यात झाडं लावण्यासारख्या कामांबद्दल गुण मिळतात. त्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. झाडामागे जागा जेमतेम ९ चौरस मीटर, म्हणजे तीन बाय तीन मीटरचा चौक. या अंतरावर झाडं मोठी झाली तर गवताला उन्हाचा कवडसाही महाग.

याच सुमारास पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. लोक पैसे भरून लांडगा, खोकड, चिंकारा बघायला येतात. एकाच खात्याच्या एका हाताला माळाची किंमत कळली आहे. दुसऱ्या हातात अजून खड्ड्यांचं उद्दिष्ट आहे.

आणि एक गोष्ट कामाच्या वेळापत्रकातली. आपल्याकडे खड्डे उन्हाळ्यात खणले जातात, म्हणजे जूनमध्ये रोप लावता येतं. जागेची पाहणीही साहजिकच त्याच सुमाराला होते. एप्रिल-मेमध्ये कुठलाही माळ उजाड दिसतो. गवत खाल्लेलं किंवा जळालेलं, आमरी, मुसळी, खर्चुडी सगळ्या जमिनीखाली. त्या महिन्यात वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक उभा केला तरी त्याला यादी करता येणार नाही. पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करायला हवी. त्या हंगामात बहुवर्षायू गवतांचे ठोंब आहेत का, कंदवर्गीय फुलं दिसतात का, हिवर-तरटी-हेकळ विखुरलेले आहेत का, जमिनीला पूर्वी नांगर लागल्याच्या खुणा आहेत का, एवढं पाहिलं तरी जुना माळ आणि पडीक रान वेगळं ओळखता येतं. त्या गावात मेंढरं चारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं, कारण कुठल्या माळावर कधीच औत फिरलं नाही हे त्याला सांगता येतं. जिथे या खुणा सापडतील तो गट पुढच्या मेच्या खड्ड्यांच्या यादीतून वगळायचा, आणि त्या गटाचं उद्दिष्ट बांधांवर, वस्त्यांभोवती, रस्त्यांच्या कडेला किंवा खाणीच्या ढिगाऱ्यांवर वळवायचं. यासाठी नवा कायदा लागत नाही. खात्याच्या आराखड्यात एक रकाना वाढवावा लागतो, आणि तो भरायला पावसाळ्यात माळावर जावं लागतं.